भूमिकेचे पुण्य कोणाचे?

नटीने पडद्यावर साध्वी उभी केली म्हणजे साध्वीचे पुण्य तिच्या पदरी पडते काय? आणि पतितेची भूमिका केली तर तिचा डाग नटीला लागतो काय? असे सरळ विचारले असता कोणीही सुजाण मनुष्य दोन्ही प्रश्नांना नकारच देईल. परंतु आपले आचरण या उत्तराला धरून असते, असे आम्हांस वाटत नाही. ग्वाल्हेरच्या एका अभिनेत्रीचे चरित्र डोळ्यांपुढे आणले म्हणजे हा विसंवाद स्पष्ट दिसू लागतो.

वनमाला हे त्यांचे पडद्यावरचे नाव. मूळच्या त्या सुशीला पवार. जन्म १९१५चा. वडील बापूराव पवार हे ग्वाल्हेर संस्थानच्या सेवेतील वरिष्ठ अधिकारी, आणि घराणे सरदारी थाटाचे. मुलगी पदवीधर झाली, पुण्यास शाळेत शिकवू लागली. पुढे आचार्य अत्र्यांच्या परिचयातून त्या चित्रपटाकडे वळल्या. १९४० साली ‘लपंडाव’ आला. १९४१ साली ‘पायाची दासी’ आणि सोहराब मोदींचा ‘सिकंदर’. ‘सिकंदर’मधील पृथ्वीराज कपूर यांच्यासमोरच्या रुखसानेने त्यांचे नाव हिंदुस्थानभर झाले. घरी मात्र या कीर्तीचे स्वागत झाले नाही. वडिलांना मुलीचा हा मार्ग मान्य नव्हता.

त्या पित्याला केवळ जुनाट म्हणून निकालात काढणे सोपे आहे, न्याय्य नाही. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांना ‘राजा हरिश्चंद्र’साठी स्त्री मिळाली नाही, आणि तारामतीचे लुगडे अण्णा साळुंके या पुरुषाला नेसावे लागले. तीच तारामती १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’मध्ये दुर्गाबाई खोटे यांनी केली. गोव्याकडील मूळ असलेल्या, घरी कोंकणी बोलणाऱ्या सुस्थित लाड कुटुंबातील ही सुशिक्षित मुलगी पडद्यावर आली, तेव्हा केवढी चर्चा झाली! ‘पायाची दासी’मध्ये याच दुर्गाबाई सासू होत्या आणि वनमालाबाई सून. ज्या धंद्याकडे समाज संशयाने पाहतो, त्यात आपली मुलगी जाऊ नये असे वाटण्यात बापाची माया असू शकते. परंतु तो संशय खोटा ठरवण्याचा भार समाजाने स्वतःवर न घेता मुलीच्या माथी टाकला, हा अन्याय आम्हांस नाकारता येत नाही.

आता याच अभिनेत्रीच्या आयुष्यातील दुसरा प्रसंग पाहू. १९५३ साली अत्र्यांनी साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’चा चित्रपट केला आणि आईची भूमिका वनमालाबाईंना दिली. दापोलीजवळच्या पालगडची ती दरिद्री माउली, पोहायला भिणाऱ्या श्यामला शिंपटीने बाहेर काढणारी आणि मग त्याच्यासाठी कळवळणारी. कोठे ग्वाल्हेरचे सरदारी वैभव आणि कोठे कोकणातले कर्जाने खचलेले घर! तरी प्रेक्षकांनी त्या आईला आपली मानले. १९५४ साली राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार प्रथमच देण्यात आले, तेव्हा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपती सुवर्णपदक या चित्रपटास मिळाले. जो चेहरा पडद्यावर दिसणे ही घराण्याची नामुष्की होती, तोच आता घरोघर वंद्य झाला.

समाज बदलला म्हणून हे झाले, असे कोणी म्हणेल. आमचे मत थोडे निराळे आहे. समाजाने नटीला मान दिला नाही. तो आईला दिला आणि नटीकडे उसना ठेवला. उसना मान केव्हाही परत मागता येतो. रुखसाना आणि श्यामची आई या दोन्ही भूमिकांमागे वाणीची, मुद्रेची, संयमाची साधना एकच होती. आईच्या भूमिकेतील कष्टांना पुण्य म्हणावयाचे आणि प्रेयसीच्या भूमिकेतील कष्टांना चैन, हा न्याय कोणता?

हा दोष केवळ आपलाच आहे असेही नाही. ज्या १९५४ साली ‘श्यामची आई’ला पदक मिळाले, त्याच वर्षी अमेरिकेत डॉना रीड या अभिनेत्रीला ऑस्कर मिळाले, तेही एका बदनाम स्त्रीच्या भूमिकेसाठी. पुढे १९५८ ते १९६६ पर्यंत दूरचित्रवाणीवर त्यांच्याच नावाची मालिका चालली आणि त्या अमेरिकेच्या आदर्श गृहिणी व माता ठरल्या. ती प्रतिमा शांत, हसतमुख, घर सांभाळणारी. प्रत्यक्षातील रीडबाई मात्र व्हिएतनाम युद्धाविरुद्ध उभ्या राहिलेल्या मातांच्या संघटनेत पुढाकार घेऊन सरकारला जाब विचारीत होत्या. आधीची बदनाम स्त्री ही त्या नव्हत्या, आणि नंतरची आदर्श गृहिणीही नव्हत्या. दोन्ही त्यांची कामे होती. त्या स्वतः दोहोंहून अधिक होत्या.

वनमालाबाईंनी पुढे चित्रपट सोडला आणि वृंदावनात विरक्त जीवन पत्करले. यावर ‘अखेर प्रायश्चित्त घेतले’ असे समाधान मानणे आम्हांस अनुदार वाटते. ज्याने पाप केले नाही, त्याला प्रायश्चित्त कसले? शिवाय वृंदावनात त्यांनी स्थापन केली ती हरिदास कला संस्था, संगीत आणि नृत्य यांच्या जोपासनेसाठी. ज्या तानसेनाची समाधी ग्वाल्हेरात आहे, त्याचे गुरू म्हणून परंपरा ज्यांचे नाव घेते, ते हे स्वामी हरिदास. म्हणजे त्यांनी व्यवसायाचा त्याग केला, कलेचा नव्हे. २४ मे २००७ रोजी ग्वाल्हेरातच त्यांचे निधन झाले.

भूमिकेत प्रेक्षक स्वतःला विसरतो, हे कलेचे यश आहे. त्यावर आमचा आक्षेप नाही. परंतु दिवे लागल्यावर शुद्धीवर येणे हे प्रेक्षकाचे कर्तव्य आहे. तेव्हा भूमिकेचे पुण्य आणि पाप भूमिकेपाशीच ठेवावे. कलावंताला त्याच्या श्रमाचा आदर द्यावा आणि त्याचे उरलेले आयुष्य त्याचे त्याला जगू द्यावे. एवढा विवेक आपल्यात रुजला, तर आपल्या घरातली मुलगी रंगभूमीकडे किंवा पडद्याकडे वळताना, आधी देवी होऊन दाखव, अशी अट तिला कोणी घालणार नाही.