अर्धवेळ

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२च्या नियमांनुसार नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएचडी करता येते. त्यासाठी कार्यालयाचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. परवानगी आहे, कामाचं स्वरूप पाहता संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी मोकळीक दिली जाईल, असं त्यात लिहून द्यावं लागतं. मी दिल्लीतल्या एका सरकारी रुग्णालयात मेडिकल सोशल वर्कर आहे. महाराष्ट्रातल्या सरकारी रुग्णालयांत याच पदाला समाजसेवा अधीक्षक म्हणतात. प्रमाणपत्रातलं मधलं वाक्य आमच्या खोलीबाहेरची रांग पाहून कुणी लिहिलं नसणार. पण वेळेचं गाऱ्हाणं सगळ्यांचंच असतं, आणि स्त्रियांना मुदत दोन वर्षं वाढवून मिळते त्यामागचं कारणही सगळ्यांना ठाऊक आहे. माझा प्रश्न वेगळा आहे.

अर्धवेळ संशोधकाची खरी पुंजी म्हणजे त्याचं काम. पूर्णवेळ अभ्यासकाला जिथे पोचायला वर्ष लागतं तिथे नर्स, फिजिओथेरपिस्ट, समुपदेशक आधीच बसलेले असतात. माझ्या टेबलासमोर रोज बिहार आणि उत्तर प्रदेशातून आलेली माणसं बसतात. राष्ट्रीय आरोग्य निधीच्या अर्जासाठी उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड आणि डॉक्टरांनी दिलेला खर्चाचा अंदाज लागतो. पण नुसत्या कागदांनी घराची परिस्थिती कळत नाही, म्हणून मी विचारते. मग बाहेर पडतं: म्हैस विकली, दिराने हात वर केले, मुलीची शाळा सुटली, सासूला आजाराचं नाव अजून सांगितलेलं नाही. उपचारांसाठी घर कसं मोडत जातं यावर प्रबंध लिहायचा तर याहून अस्सल सामग्री कुठे मिळणार? पण ती सामग्री माझी आहे का?

नियम इथे मदतीला येतात. हेलसिंकी जाहीरनामा सांगतो की रुग्ण डॉक्टरवर अवलंबून असेल तर संमती त्या नात्याबाहेरच्या माणसाने घ्यावी. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, ओळख पुसलेल्या जुन्या नोंदी वापरायच्या असतील तर नैतिकता समिती संमतीची अट शिथिल करू शकते. दोन्ही तरतुदी शहाण्या आहेत. तरी टेबलाच्या या बाजूने पाहिलं की काही उरतंच. बाहेरचा माणूस संमती घ्यायला गेला तरी रुग्णाच्या लेखी तो याच रुग्णालयाचा असतो. त्याला मिळणारं उत्तरही तेच, ‘आप जो ठीक समझें’. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की त्यातला होकार आणि शरणागती वेगळी काढणं मला जमत नाही. आणि नाव पुसल्याने गोष्ट परकी होते का? सासूपासून लपवलेली गोष्ट ही नाव काढल्यावरही लपवलेलीच गोष्ट असते.

अशा वेळी मराठी माणसाला गडचिरोली आठवते. राणी आणि अभय बंग यांनी १९८६ साली ‘सर्च’ सुरू केली आणि ज्यांची सेवा केली त्यांच्यातच संशोधन केलं. ३९ गावांत नवजात बाळांची घरोघरी काळजी, तुलनेला ४७ गावं. निष्कर्ष १९९९मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आले. पुढे तीच पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर गेली. म्हणजे सेवा आणि संशोधन एकत्र नांदू शकतात, असं म्हणून मी सुटू शकले असते. पण तिथे संशोधक गावातच राहिला आणि गावही जागेवर राहिलं. ज्याच्याकडून घेतलं त्याला उद्या, परवा, दहा वर्षांनी जाब विचारता येतो. दिल्लीत माझा रुग्ण धर्मशाळेतून किंवा फुटपाथवरून उठून गाडीत बसतो आणि जातो. इथे राहते ती मीच, आणि माझी फाइल. गडचिरोलीचा दाखला मला तसाच्या तसा वापरता येत नाही.

मी एक साधी सोय करून घेतली आहे. मदत मंजूर होऊन पैसे रुग्णालयाच्या खात्यात आल्याशिवाय संशोधनाचा विषय काढायचा नाही. तोवर ती व्यक्ती माझ्याकडे मागणारी असते आणि मागणाऱ्याचा होकार मला नको. मार्गदर्शकांना ही अट फारशी पसंत नाही, कारण नमुना लहान होतो आणि एकाच बाजूला झुकतो. ज्यांना मदत मिळाली नाही, त्यांच्याबद्दल माझ्या प्रबंधात काहीच येणार नाही. हा आक्षेप पद्धतशास्त्राचा आहे तितकाच नीतीचाही, कारण ज्यांचं सर्वाधिक मोडलं तेच गाळले जातात. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. तरी अट मी सोडलेली नाही.

पूर्वी जवळजवळ सगळेच हो म्हणत. आता काहीजण नाही म्हणतात. गोरखपूरकडच्या एका बाईने मंजुरीचा कागद घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवला, माझं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘वो बात तो दवाई के लिए बताई थी, दीदी.’ मग तिने केमोची पुढची तारीख विचारली. मी ती तिच्या कार्डावर मोठ्या आकड्यांत लिहून दिली.