दोनशे बोंडांचा सदरा

अंगावरच्या सुती कपड्याचे एक टोक चिमटीत धरा. सदरा असो, पदर असो, ओढणी असो. लगेच काही आठवायचे नाही. आधी नुसते कापड बोटांना कळू द्या. उभा धागा आडव्याला कुठे ओलांडतो, कुठे गाठ आहे, कुठे विरळ पडले आहे, ते चाचपा. श्वास संथ होऊ द्या. आज या धाग्याचा माग काढत उलट जायचे आहे, आणि त्यासाठी वर्धा जिल्ह्यात जायचे आहे. तिथे कापूस पिकतो म्हणून तर आहेच. शिवाय कपडा घालणारा कपडा करणाऱ्याचे काय देणे लागतो, हा प्रश्न तिथे नव्वद वर्षांपूर्वी आकड्यांत मांडला गेला होता.

दिवाळीच्या आगेमागे हिंगणघाट, देवळी, सेलूकडच्या शिवारात कापसाची पऱ्हाटी फुटते. पहिल्या वेचणीच्या दिवशी बायका सीतादही करतात. शेतात पूजा मांडतात, दहीभात शिंपडतात, मग कमरेला ओटी बांधून ओळीत शिरतात. तुम्हीही मनाने त्यांच्यामागे ओळीत उभे राहा. सकाळचे दव उतरलेले आहे, पायाखाली काळी माती भेगाळू लागली आहे.

समोरचे एक बोंड बघा. चार-पाच कप्प्यांत फुटलेले, बाहेरून वाळलेले, टोकांना धार आलेली. कापूस एका झटक्यात, काडीकचरा न येता ओढायचा असतो. टोके नखांच्या मुळाशी लागतात. दिवसभरात त्याच जागी पुन्हा पुन्हा लागतात.

एका बोंडातून साधारण चार ग्रॅम कापूस निघतो. शंभर किलो कापसातून रुई निघते तेहेतीस-चौतीस किलो, बाकी बहुतेक सरकी. सदऱ्याला पाव किलोच्या आसपास रुई लागते, थोडी गिरणीत वायाही जाते. म्हणजे एका सदऱ्यामागे पाऊण ते एक किलो कापूस, म्हणजे दोनशेच्या घरात बोंडे. हे गणित काटेकोर नाही, पण ढोबळमानाने खरे आहे. आता डोळे मिटून वीस बोंडे वेचा. घाई नको. हात पुढे, चिमूट, ओढ, ओटी. पुन्हा हात पुढे. वाकलेली पाठ मध्येच सरळ करावीशी वाटेल, करू नका. वीस झाली की थांबा. अजून एका बाहीपुरताही कापूस गोळा झालेला नाही.

वेचणीचा पैसा किलोवर मिळतो. पहिल्या वेच्याला बोंडे भरलेली असतात, ओटी लवकर जड होते. शेवटच्या वेच्याला ती बारकी आणि विरळ होतात, आणि त्याच एका किलोसाठी कितीतरी जास्त चालावे लागते. संध्याकाळी काट्यावर वजन होते तेव्हा त्या काट्याला चालणे दिसत नाही. फवारणीचा हंगाम तर त्याच्याही आधीचा. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या वर्षीच्या कापसाची रुई झाली, सूत झाले, कपडे झाले, ते कुणीतरी घातले. इथे जरा थांबावे असे मला वाटते. अपराधी वाटून घेण्यासाठी नको. हे खरोखर घडले आहे एवढे मनात बसण्यापुरतेच थांबा.

कापूस जिनिंगमध्ये जातो, रुई वेगळी होते, गाठी बांधल्या जातात. पुढे सूतगिरणी. कापसाची धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली की बिसिनोसिस नावाचा विकार जडतो. त्याची खूण अशी की आठवड्याच्या सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्याच दिवशी छाती सर्वांत जास्त आवळते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित करून रविवारची सुट्टी मिळवली ती १८९० मध्ये. त्या आधी अशी हक्काची सुट्टी नव्हती. १८८१ चा कारखाना कायदा सात वर्षांच्या मुलाला कामावर घेऊ देत होता आणि बारा वर्षांखालच्यांना नऊ तासांची मर्यादा घालून समाधान मानत होता. हिंगणघाटला आणि पुलगावला कापडगिरण्या उभ्या राहिल्या त्या याच एकोणिसाव्या शतकात.

धागा अजून संपलेला नाही. आता शिवणीवर बोट ठेवा. आत उलटून बघा, टाके किती जवळजवळ आहेत. ही शिवण घातली गेली ती जागा तुमच्या-माझ्यापासून फार लांब असू शकते. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळच्या सावरमध्ये राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि अकराशेहून अधिक माणसे गेली, बहुतेक शिलाई कामगार, त्यांतही बाया जास्त. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले सर्वांनी पाहिले होते. खालची बँक आणि दुकाने बंद ठेवली गेली. वरच्या मजल्यांवरच्या शिलाई कामगारांना मात्र कामावर बोलावले गेले. ढिगाऱ्यात मोठमोठ्या ब्रँडची लेबले सापडली, तरी आपला माल तिथे शिवला जात होता हे ठाऊकच नव्हते, असे काही कंपन्यांनी सांगितले. त्यांतल्या काहींचे म्हणणे खरेही असेल. मला त्याचीच जास्त भीती वाटते. साखळी इतकी लांब करून ठेवायची की कुणालाच काही ठाऊक नसेल.

अशा लांबच्या हातांशी आपले नाते काय? या प्रश्नापाशी निवांत बसा. उत्तर लगेच शोधू नका. वर्ध्याच्या मगनवाडीत एक माणूस या प्रश्नापाशी वर्षानुवर्षे बसला होता. जे. सी. कुमारप्पा. तंजावरला जन्मलेले, लंडनमध्ये हिशेबतपासनीस म्हणून तयार झालेले, कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेले. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, त्याचे ते चिटणीस. वर्ध्याचे उद्योगपती जमनालाल बजाज यांनी दिलेल्या जागेत संघाचे काम चाले. कुमारप्पांचे म्हणणे थोडक्यात असे: वस्तू विकत घेताना आपण किंमत देतो, आणि त्याबरोबर ती वस्तू जशी तयार झाली त्या रीतीला मान्यताही देतो. तिच्यामागे पिळवणूक असेल तर त्या पिळवणुकीला पैसा पुरवणारे आपणच. म्हणून जिथवर आपली नजर पोचते आणि जाब विचारता येतो, त्या परिघातूनच खरेदी करावी.

त्यांच्या म्हणण्याचा पहिला भाग मी पूर्ण मानतो. दुसऱ्यापाशी मन अडते. परीघ आखडून घेतला तर सावरमध्ये मशीनवर बसलेल्या बाईचे काय? तिचे काम जाणे हा तिला न्याय नव्हे. पण कुमारप्पांना टाळून पुढेही जाता येत नाही, कारण नजर न पोचणाऱ्या ठिकाणाहून घ्यायचे असेल तर नजर पोचवण्याची जबाबदारी आपल्यावरच येते.

आता वर्ध्यातल्याच दुसऱ्या एका हिशेबाकडे वळू. १९२५ पासून अखिल भारत चरखा संघ खेड्यापाड्यांतल्या बायांकडून सूत घेत होता. मजुरी अगदी थोडी होती. रिकाम्या वेळेचे काम, काही नसण्यापेक्षा बरे, अशी समजूत. वर्ध्याजवळच्या नालवाडीत विनोबा भावे यांनी चरखा संघाच्या दराने, निव्वळ स्वतःच्या कताईवर जगून पाहायचे ठरवले. रोज तासन्‌तास कातले, आणि कातणारीला या मजुरीत जगता येत नाही हे त्यांनी अंगावर घेऊन पाहिले. ऑक्टोबर १९३५ मध्ये चरखा संघाने वर्ध्यात ठराव केला: आठ तासांच्या चांगल्या कामाला निदान इतकी मजुरी मिळावी की कातणारीला शास्त्राने ठरवलेला किमान आहार आणि वर्षाला वीस वार कापड मिळेल.

हा ठराव दोनदा मनात फिरवा. कापड बाजारात कितीला खपेल, तिथून त्याची सुरुवात नाही. सुरुवात बाईच्या ताटापासून आहे. ताट ठरले, कापड ठरले, मग मजुरी, मग सुताचा भाव, आणि सर्वांत शेवटी खादीची किंमत. खादी महागणार, गिऱ्हाईक तुटणार, ही भीती कार्यकर्त्यांनी उघडपणे मांडली होती. गांधीजींनी ती ऐकूनही आग्रह सोडला नाही. त्यांच्या मनात दिवसाला आठ आणे होते. बऱ्याच ठिकाणी संघ तीन आण्यांच्या आसपासच पोचू शकला. शिवाय कातणारीने स्वतः खादीच वापरावी अशी अपेक्षा या मजुरीला जोडलेली होती, ती मला खटकते. पोटभर मजुरी हा हक्क असेल तर त्याला अट कशाला? पण दिशा त्यांना सापडली होती, आणि आज जगभर जगण्यापुरत्या मजुरीच्या ज्या चर्चा चालतात त्या अजून याच दिशेने चाचपडत आहेत. मगनवाडीतल्याच मगन संग्रहालयाचे उद्घाटन गांधीजींनी १९३८ च्या डिसेंबरात केले. तिथे आजही सेंद्रिय कापसाची, नैसर्गिक रंगांची खादी तयार होते, आणि ती गिरणीच्या कापडापेक्षा महाग पडते.

कातणारीचा हिशेब असा मांडला गेला. आता तोच तुम्ही वेचणारीसाठी मांडा. कागद-पेन्सिल घेतली तरी चालेल. तिचे आठ तास घ्या. तिच्या ताटातली ज्वारी, डाळ, तेल, भाजी, दूध लिहा. वर्षाचे कपडे लिहा. १९३५ च्या यादीत नसलेला दवाखाना लिहा, मुलीची फी लिहा, आणि वेचणी नसते त्या महिन्यांचे काय तेही. या सगळ्यातला वेचणीच्या एका दिवसाचा वाटा काढा आणि त्याला तिने दिवसभरात वेचलेल्या किलोंनी भागा. समजा किलोमागे दहा रुपये मिळत असतील, तर तुमच्या सदऱ्यात तिचे दहासुद्धा नाहीत. ते दुप्पट झाले तरी सदरा दहा रुपयांनीही महागत नाही.

पण हे दहा रुपये तिला देणार कोण? तिला मजुरी देतो तो शेतकरी, आणि त्याच्या कापसाचा भाव त्याच्या हातात नाही. बियाणे, खत, फवारणी, वेचणी सगळे वजा जाता त्याच्याकडे उरते तेही मोजा, तोही याच कागदावर आला पाहिजे. म्हणजे वाढलेला पैसा दुकानापासून ब्रँड, शिलाई, गिरणी, जिनिंग, शेतकरी असा सगळा उलटा रस्ता चालून तिच्यापर्यंत यायला हवा. वाटेत तो कुठेही अडू शकतो. दुकानातल्या चिठ्ठीवर 'न्याय्य' असे छापलेले असेल, तर ते छापले कुणी, आणि शेतात जाऊन कुणाला विचारून छापले? पैसा पोचला हे खरे मानायला तुम्हाला कुणाची सही लागेल, कंपनीची, तपासनीसाची, की तिची?