मऊ दगडावर काय कोरायचं?



आजचा श्लोक: भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ४६. भगवंत अर्जुनाला सांगतात, ज्याच्यापासून हे सगळं निर्माण झालं आणि ज्याने हे सगळं व्यापलंय, त्याची पूजा माणसाने आपल्या कर्माने करावी. त्यातूनच त्याला सिद्धी मिळते. या श्लोकावर लिहिताना ज्ञानेश्वर माउलींनी स्वकर्माला फुलं म्हटलंय.

खरं सांगू? श्लोक पाठ होता, पण पचत नव्हता. ऑफिसात दीड वर्ष राबून केलेलं काम दुसऱ्याच्या नावावर सादर झालं. त्यानंतर रोज जपाला बसलं की माळ हातात आणि मनात तीच मीटिंग. कर्माची फुलं वाहायची म्हणे! माझी फुलं तर कुणी दुसराच घेऊन गेला होता.

अशाच मनःस्थितीत मैत्रिणीबरोबर म्हैसूरला गेले आणि तिथून सोमनाथपूरचं केशव मंदिर बघायला. १२५८ सालचं होयसळ मंदिर. भिंतीवर देवांच्या मूर्तींची ओळ, आणि कोरीव काम इतकं नाजूक की दागिन्याचा एकेक मणी वेगळा दिसतो. हे कसं जमलं असेल, असं विचारल्यावर गाईडकाका म्हणाले, "हा दगडच तसा आहे. सोपस्टोन. खाणीतून ताजा काढला की मऊ असतो, छिन्नीला ऐकतो. मग हवा लागत जाते तसतसा कडक होतो."

मग त्यांनी मूर्तींच्या पायाशी कोरलेली जुनी कन्नड अक्षरं दाखवली. मल्लितम्म. शिल्पकाराचं नाव! कुठे पूर्ण नाव, कुठे नुसतं 'मल्लि', तर कुठे फक्त एक अक्षर, 'म'.

घरी आल्यावर या माणसाबद्दल वाचत बसले. अमृतापूरच्या ११९६ सालच्या अमृतेश्वर मंदिरात त्याने कामाला सुरुवात केली असं मानतात. १२४६ च्या नुग्गेहळ्ळीच्या मंदिरावर त्याचं काम आहे, आणि नंतर हे सोमनाथपूर. म्हणजे साठेक वर्षं तोच मऊ दगड आणि तीच छिन्नी! विशीत सुरुवात केली असेल तर सोमनाथपूरला तो ऐंशीच्या पुढे असणार. एवढी वर्षं माणूस नुसत्या मजुरीसाठी किंवा नावासाठी टिकेल, असं मला वाटत नाही. त्याचा त्या दगडावर जीव असणार.

मग नावाचं काय? निष्काम कर्म म्हणायचं आणि नाव कोरायचं? मी यावर बराच विचार केला. मला वाटतं, आपल्या कामावर आपलं नाव असावं, यात पाप नाही. पण त्याचं नाव कुठे आहे बघा. देवाच्या पायाशी, बारीक अक्षरात. आधी मूर्ती, मग नाव. माझ्या मनात मात्र नाव गाभाऱ्यात जाऊन बसलं होतं आणि काम दाराबाहेर उभं होतं.

आणखी एक गोष्ट. सोमनाथपूरच्या गाभाऱ्यातली मूळ केशवमूर्ती आज तिथे नाही. ज्या देवासाठी सगळं उभारलं, तीच मूर्ती गेली. मग मल्लितम्मची पूजा वाया गेली का? नाही ना! छिन्नी चालत होती तेव्हाच ती देवाला पोचली होती. नंतर काय टिकलं, कोण कौतुक करून गेलं, हा पुढचा भाग.

आपलं मनही असंच ताज्या दगडासारखं असतं, मंडळी. सकाळी उठल्यावर, नवं काम हातात घेताना ते मऊ असतं. तेव्हा जे कोरू ते पुढे घट्ट होतं. मी त्यावर रोज एकच आकृती कोरत होते, माझा अपमान. ती कडक व्हायला लागली होती.

म्हणून अन्याय गिळायचा का? मुळीच नाही. मी परत आल्यावर साहेबांकडे जाऊन शांतपणे विचारलं. उत्तर गुळमुळीतच मिळालं, आणि अजूनही कधीकधी आत टोचतं. पण विचारायचं होतं ते विचारून झालं. आता तीच जखम रोज नव्याने कोरत बसत नाही. नवं काम उघडताना आधी एक क्षण डोळे मिटते आणि म्हणते, "पांडुरंगा, हे तुझ्यासाठी." मग हात चालू लागतात, आणि खरंच, हल्ली त्यात पुन्हा मजा येते.

आजचा संकल्प छोटासाच: लॅपटॉप उघडण्याआधी, पुस्तक हातात घेण्याआधी किंवा कणीक मळण्याआधी एकदा स्वतःला विचारूया, आज या मऊ मनावर मी काय कोरणार आहे?

राम कृष्ण हरि! 🙏