न झालेल्या लढती

जो लुई आणि माइक टायसन समोरासमोर आले असते, तर कोण जिंकले असते? मुष्टियुद्धाची आवड असलेली दोन माणसे भेटली की हा प्रश्न निघतोच, आणि चहा निवून गेला तरी वाद मिटत नाही. आपल्याकडे तालमीत जुन्या-नव्या पैलवानांच्या जोड्या अशाच लावल्या जातात. टायसन १९८६ साली विसाव्या वर्षी जगज्जेता झाला, तेव्हा मी कॉलेजात होतो. त्या दिवसांत आम्ही पोरांनी त्याला मेलेल्या-जित्या सगळ्या विजेत्यांशी लढवून पाहिले होते. तेव्हा या खेळाला मी नावे ठेवणार नाही. पण या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो इतका निरागस नाही.

आधी वरवरची अडचण पाहू. रॉकी मार्सियानो १९५६ साली निवृत्त झाला तो ४९ लढतींत ४९ विजय घेऊन. त्याचे वजन साधारण १८५ पौंड, म्हणजे चौऱ्याऐंशी किलोच्या आसपास. आज हेवीवेट गट २०० पौंडांच्या वर सुरू होतो. त्याला आहे तसा उचलून आजच्या काळात आणला, तर सहा फूट नऊ इंचांच्या टायसन फ्युरीपुढे उभे राहण्यापूर्वीच तराजू त्याला खालच्या गटात ढकलील. बरे, त्याला आजचा आहार, आजचे प्रशिक्षक आणि चार इंच जादा उंची बहाल करावी, तर ब्रॉक्टनच्या बुटांच्या कारखान्यातील कामगाराचा तो मुलगा मार्सियानो राहतो कुठे? शिवाय नियम कोणत्या काळाचे लावायचे? जॉन एल. सुलिव्हन १८८९ साली उघड्या मुठींनी ७५ फेऱ्या लढला. पुढे विजेतेपदाची लढत पंधरा फेऱ्यांची ठरली आणि १९८०च्या दशकात ती बारांवर आली. तेराव्या फेरीत जिंकणाऱ्याने आज काय करावे?

ही कोडी सोडवायला एकदा यंत्रही बसवले गेले. १९६७ साली मायामीच्या मरे वोरोनर या रेडिओ-निर्मात्याने निरनिराळ्या काळांतील सोळा विजेत्यांची माहिती संगणकाला पुरवून त्यांची एक काल्पनिक स्पर्धा रेडिओवर लावली. तीत मार्सियानो पहिला आला. मुहम्मद अली जेम्स जेफ्रीजकडून हरला आणि इतका संतापला की त्याने दहा लाख डॉलरांचा अब्रूनुकसानीचा दावा ठोकला. पुढे तोच अली वोरोनरच्या चित्रपटासाठी मार्सियानोसमोर उभा राहिला. १९६९ साली मायामीत दोघांनी लुटुपुटीच्या कितीतरी फेऱ्या खेळल्या आणि निरनिराळे शेवट चित्रित झाले. पंचेचाळीस वर्षांच्या मार्सियानोने त्यासाठी वजन उतरवले, डोक्यावर टोप चढवला. काही आठवड्यांतच, ३१ ऑगस्टला, तो विमान अपघातात गेला. जानेवारी १९७० मध्ये अमेरिकेत चित्रपट दाखवला गेला त्यात तेराव्या फेरीत मार्सियानो जिंकला. ब्रिटनमधील प्रेक्षकांना मात्र अली जिंकलेला दिसला. संगणकाला प्रेक्षकांची आवडनिवड इतकी कळते, हे तेव्हा नवीनच असावे!

मला अडखळायला होते ते जेफ्रीजपाशी. हा जेफ्रीज १८९९ ते १९०५ जगज्जेता होता आणि अपराजित निवृत्त झाला. मुकुट मिळण्यापूर्वी तो पीटर जॅक्सनसारख्या कृष्णवर्णीयांशी लढला होता. मुकुट डोक्यावर आल्यावर मात्र कृष्णवर्णीयाला विजेतेपदाची संधी देणार नाही, अशी त्याने जाहीर भूमिका घेतली. जॅक जॉन्सन त्याच्या मागे लागला होता, त्याला त्याने दाद दिली नाही. जॉन्सनला १९०८ साली सिडनीपर्यंत जाऊन टॉमी बर्न्सकडून ते पद मिळवावे लागले. मग गोऱ्यांची लाज राखण्यासाठी जेफ्रीजला शेतावरून उठवून आणले गेले. ४ जुलै १९१० रोजी रेनो येथे पंधराव्या फेरीत तो जॉन्सनकडून हरला, आणि त्या रात्री अमेरिकेच्या अनेक शहरांत दंगली होऊन माणसे मेली. त्यांत बहुतेक कृष्णवर्णीय होते.

आता सांगा, संगणकात जेफ्रीजचे काय भरले असेल? ठोशाची ताकद, वेग, सहनशक्ती, जय-पराजय. टाळलेल्या लढतींसाठी त्यात रकाना असणार नाही, कारण नोंदवहीतच तो नसतो.

शाळा चालवणाऱ्या माणसाला हे लवकर उमगते. दहावीच्या निकालाची टक्केवारी परीक्षेला बसलेल्यांवरून काढतात. आठवीत भावंडे सांभाळायला घरी बसलेली मुलगी त्यात नापासही नसते.

सॅम लँगफर्ड हा असाच एक. जेमतेम साडेपाच फुटांवर उंची, पण आपल्याहून कितीतरी जड माणसांना त्याने लोळवले. १९०६ साली तो जॉन्सनशी लढला आणि हरला. जॉन्सन जगज्जेता झाल्यावर लँगफर्डला त्याने पुन्हा संधी दिली नाही. ज्याला दार बंद होते, त्यानेच आत गेल्यावर कडी लावावी, हे मला जेफ्रीजच्या वागण्याइतकेच बोचते. १९४४ साली एका वार्ताहराने लँगफर्डला हार्लेममध्ये शोधून काढले, तेव्हा तो आंधळा आणि कंगाल होता. हॅरी विल्सची कथा निराळी नाही. जॅक डेम्प्सीशी त्याची लढत ठरली, करार झाले, पण लढत झाली नाही. १९१५ साली जॉन्सन हरल्यानंतर १९३७ साली जो लुईपर्यंत एकाही कृष्णवर्णीयाला या विजेतेपदासाठी लढू दिले गेले नाही. बावीस वर्षे!

कुणी म्हणेल, गुरुजी, करमणुकीत कशाला हे न्यायनिवाडे? लुई विरुद्ध टायसन ही लढत काळामुळे होऊ शकली नाही. तिला कुणी जबाबदार नाही, म्हणून तिच्यावर वाद घालताना मजा येते. डेम्प्सी विरुद्ध विल्स होऊ शकत होती, दोघे एका देशात, एका काळात, ऐन भरात होते. तिच्याविषयी बोलू लागलो की नावे घ्यावी लागतात. अलीचेही तसेच. व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात भरती व्हायला नकार दिला म्हणून १९६७ साली त्याचे पद काढून घेतले गेले. वयाच्या पंचविसाव्या ते अठ्ठाविसाव्या वर्षांतला अली कुणी पाहिलाच नाही. खरी लढत बंद असल्यामुळेच तो वोरोनरच्या खोट्या लढतीला मोकळा सापडला.

एक लढत मात्र यांपैकी कशातच बसत नाही. क्यूबाच्या तेओफिलो स्टीव्हन्सनने १९७२, १९७६ आणि १९८० अशी ओळीने तीन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवली. अलीशी लढण्यासाठी त्याला मोठ्या रकमा देऊ केल्या गेल्या, त्याने त्या नाकारल्या आणि तो हौशी खेळाडूच राहिला. ते त्याच्या मनाने होते की त्याच्या देशाच्या राजवटीने त्याला दुसरी वाटच ठेवली नव्हती, यावर आमच्या शिक्षक-खोलीत एकमत झालेले नाही. त्याच्या मनाने असेल, तर ती लढत मागण्याचा आपल्याला अधिकार नाही, असे मला वाटते. १९९६ साली अली औषधांची मदत घेऊन हवानाला गेला. कंपवाताने त्याचे हात तेव्हा थरथरत होते. तिथे त्याला स्टीव्हन्सन भेटला.