कुलूप, किल्ली आणि मालकी

पैसा म्हणजे माणसाने माणसावर टाकलेला विश्वास. राज्य बदलले की या विश्वासाची कसोटी लागते. आमच्या धाराशिव जिल्ह्याने ती कसोटी पाहिली आहे. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि येथील बाजारात संस्थानचा हाली सिक्का चालत असे. विलीनीकरणानंतर, १९५० मध्ये, भारतीय रुपया म्हणजे लोकांच्या बोलीतला 'कलदार' येथे रूढ झाला. सात हाली रुपयांस सहा कलदार असा भाव ठरला. हाली चलन रद्द झाले ते १९५९ मध्ये. संस्थान गेले, तरी हाली रुपये जपून ठेवणाऱ्यास काही वर्षांची मुदत मिळाली आणि बदल्यात मोलही मिळाले. कारण जुन्या पैशाचा भार नव्या राज्याने आपल्या शिरावर घेतला होता.

आज आमच्या तरुणांच्या मोबाइलमध्ये निराळाच पैसा आला आहे. २००९ मध्ये सुरू झालेल्या बिटकॉइनमागे कोणतेही सरकार नाही, कोणतीही बँक नाही. मालकाजवळ एक गुप्त किल्ली असते. ती म्हणजे एक प्रचंड संख्या. तिच्यावरून दुसरी, उघड किल्ली काढता येते. उघड किल्लीवरून गुप्त किल्ली शोधणे मात्र आजच्या संगणकांना व्यवहारात अशक्य आहे. मालकाची सारी सुरक्षितता या एका अवघडपणावर उभी आहे.

पीटर शोर या गणितज्ञाने १९९४ मध्ये दाखवून दिले, की पुरेसा मोठा क्वांटम संगणक अशा जातीची कुलुपे उघडू शकेल. तसे यंत्र अद्याप कोणी दाखविलेले नाही. डिसेंबर २०२४ मध्ये गूगलने जाहीर केलेली १०५ क्यूबिटांची 'विलो' चिपही त्या शक्तीपासून फार दूर आहे. तथापि सावध माणसे कामाला लागली असून अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये नव्या कुलपांची तीन मानके प्रसिद्ध केली.

नवे कुलूप आले, की जागरूक मालक आपला पैसा त्याखाली हलवील. परंतु ज्याची किल्ली हरवली, किंवा जो घरच्यांना काही न सांगता वारला, त्याचे काय? सुरुवातीच्या काळातील पुष्कळ नाण्यांची उघड किल्ली सार्वजनिक नोंदवहीत कोणासही दिसते. बिटकॉइनचा अज्ञात जनक सातोशी नाकामोतो याची म्हणून मानली जाणारी सुमारे दहा लाख नाणी त्यांतच आहेत. काहींचे म्हणणे, मुदत देऊन अशी नाणी गोठवावीत. दुसरे म्हणतात, बहुमताने परक्याचे धन गोठविणे हीही लूटच. त्यापेक्षा ज्याला कुलूप उघडता येईल त्याने ते न्यावे.

हे दुसरे मत आम्हांस मान्य होत नाही. कुलूप उघडण्याचे सामर्थ्य म्हणजे मालकी नव्हे. सातवी आज्ञा चोरीस मनाई करते. कुलूप किती मजबूत होते हे ती विचारीत नाही. म्हणून गोठविणे हा आम्हांस कमी अन्यायाचा मार्ग वाटतो. पण तोही निर्दोष नाही. हालीच्या मालकास मुदत होती आणि मोबदलाही होता; येथे मुदत देता येईल, पण मोबदला कोण देणार? बँक बुडाली तर पाच लाखांपर्यंतच्या ठेवीस विम्याचे संरक्षण आहे. बिटकॉइनधारकास ते नाही.

कोणावरही विश्वास ठेवावा लागू नये म्हणून हे चलन निर्माण झाले. पण जेथे विश्वास ठेवण्यास कोणी नाही, तेथे संकटकाळी दाद मागण्यासही कोणी नसते. कुलूप कितीही भक्कम असो, ते कधीतरी जुने होतेच. त्या दिवशी उत्तर देण्यास कोण उभा राहील, हा प्रश्न घरातील तरुणांनी पैसे गुंतविण्यापूर्वी विचारावा. आणि पैसे गुंतविले असतील, तर किल्ली कोठे आहे हे निदान घरातील एका विश्वासू माणसास सांगून ठेवावे.