सोंग, ढोंग आणि भाड्याची खोली

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं आपण म्हणतो. ‘अशी ही बनवाबनवी’ या 1988 सालच्या चित्रपटाचं कथानक या एका म्हणीवर उभं आहे. पुण्यात राहायला जागा नाही, खिशात पैसे नाहीत आणि जिथे जागा आहे तिथे अट एकच, बिऱ्हाड जोडप्याचं हवं. मग चौघांपैकी दोघं साड्या नेसतात, परश्याची पार्वती होते आणि सुधीरची सुधा. मूळ कथा हृषिकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’ची (1966), पण सचिन पिळगावकरांनी ती इतकी इथली केली की उसनवारी कुणाच्या लक्षातही राहिली नाही. या विनोदाच्या पोटात एक जुना धार्मिक प्रश्न दडलेला आहे: दुसऱ्याचं रूप घेणं हे पाप आहे का? माझं म्हणणं असं, की आपल्या परंपरेनं रूप बदलण्याला कधीच पाप मानलं नाही. रूप कोणी बदललं, एवढंच ती पाहत आली.

याचा पुरावा समुद्रमंथनाच्या पंगतीतच सापडतो. अमृत वाढणारी मोहिनी म्हणजे रूप पालटलेला विष्णू, आणि देवांच्या रांगेत बसलेला राहू म्हणजे रूप पालटलेला असुर. पंगत एक, सोंगं दोन. एकाची पूजा झाली, दुसऱ्याचं मुंडकं उडालं. राहूनं फसवलं म्हणावं तर मोहिनीनं काय वेगळं केलं? शिवाय वासुकीचं तोंडाकडचं टोक धरून असुरांनीही घाम गाळला होता. राहू मागत होता ती, नीट पाहिलं तर, केलेल्या कामाची मजुरी होती. चित्रपटातल्या चौघांचं, म्हणजे धनंजय माने आणि मंडळींचंही तेच. माने सौंदर्यप्रसाधनांच्या धंद्यात नोकरी करतो, भाडं द्यायला तयार आहे, तरी पंगतीत बसायला त्याला बायको दाखवावी लागते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की घरमालकिणीची फसवणूक ती फसवणूकच, तिला पुराणाचा मुलामा कशाला? आक्षेप खरा आहे आणि चित्रपटही तो मान्य करतो; शेवटी बनवाबनवी उघडी पडतेच. पण ही अट कशाची परीक्षा घेते ते पाहावं. भाडेकरू सज्जन आहे का, वेळेवर भाडं देतो का, हे ती विचारत नाही. दारात साडी आणि कुंकू दिसलं की तिचं समाधान होतं. जी अट केवळ दिसण्यावर भागते, ती सोंगाला आमंत्रणच देते. सोंग भाडेकरूंचं, ढोंग त्या अटीचं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पार्वतीचं डोहाळजेवण चालू असतं, परश्या पदर सावरत बसलेला असतो आणि सगळं थिएटर हसतं. हा हशा बाईपणाची टिंगलच नव्हे काय? संतांनी स्त्रीरूप घेतलं ते या जातीचं नव्हे, असंही कुणी म्हणेल. ज्ञानेश्वरांची विरहिणी कावळ्याला शकुन विचारते आणि चंदनाच्या उटीनं पोळते, तेव्हा कुणी हसत नाही, कारण तिथे बोलणारा जीव आहे आणि प्रियकर देव. फरक मोठा आहे, हे कबूल. तरीही दोन्हीकडे एक हमी समान आहे. अभंग संपला की ज्ञानेश्वर ज्ञानेश्वर असतात, पडदा पडला की परश्या परश्या. साडी उतरणार हे ठाऊक असतं, म्हणून एकीकडे आपण हात जोडतो आणि दुसरीकडे मोकळेपणानं हसतो.

ती हमी न देणारं उदाहरणही आपल्याच परंपरेत आहे. ज्या नेवाशात 1290 मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तिथेच मोहिनीराजाचं देऊळ आहे. नावातच मोहिनी आणि राजा एकत्र नांदतात आणि मूर्तीही अर्धनारी रूपातली मानतात. अमृत वाटून झालं, काम संपलं, तरी या देवानं साडी सोडली नाही. यल्लम्माच्या नावानं लुगडं नेसलेला जोगताही ते संध्याकाळी उतरवून ठेवत नाही. तो परडी घेऊन दारात आला की सुपातून जोगवा वाढला जातो, हळद-कुंकू लावलं जातं, आशीर्वाद घेतला जातो. देवळाच्या आणि उंबरठ्याच्या हद्दीत त्याच्या रूपाला कुणी खोटं म्हणत नाही. राहिला कायदा, तर सर्वोच्च न्यायालयानं 15 एप्रिल 2014 रोजी तृतीयपंथीयांना आपली लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला आहे. म्हणजे पुराण झालं, संत झाले, कायदाही झाला. आता त्याच जोगत्यानं परडी खाली ठेवून, महिन्याचं भाडं हातात घेऊन, पुण्यातल्या एखाद्या वाड्याचं किंवा सोसायटीचं दार वाजवावं. फाटकावर पाटी असते: फक्त कुटुंबासाठी.