आपत्तीची वांटणी

शेतकऱ्याच्या धीराची स्तुति करण्याची आपल्या सुशिक्षित समाजाला मोठी हौस आहे. पाऊस गेला, गारा पडल्या, भाव कोसळला, तरी तो पुन्हां नांगर धरतो, हें आपण कौतुकानें सांगतों. आणि तें सांगून झालें म्हणजे आपलें कर्तव्य संपलें, असेंहि मानतों. परंतु ज्याला दुसरा मार्गच मोकळा नाहीं त्याच्या धीराला सद्गुण म्हणावें कीं नाइलाज? आणि त्याहूनहि महत्त्वाचा प्रश्न असा कीं, निसर्गाचा किंवा बाजाराचा घाला ज्याच्या शेतावर पडला त्यानेंच तो एकट्यानें सोसावा, हें न्याय्य आहे काय?

एका नाशिक जिल्ह्यापुरतें पाहिलें तरी पावसाचा पक्षपात डोळ्यांत भरतो. इगतपुरीच्या घाटमाथ्यावर तो अतोनात कोसळतो. येवलें, नांदगांव या बाजूस लोकांना आकाशाकडे डोळे लावून बसावें लागतें. हा भेद कोणाच्या पुण्याचें वा पापाचें फळ नव्हे. याच जिल्ह्यांतील बागलाणांत, मोसम नदीच्या कांठीं, पूर्वजांनीं या अडचणीवर एक तोड शोधून काढली होती. नदीला बंधारा घालावयाचा, पाटानें पाणी न्यावयाचें आणि भिजणाऱ्या जमिनीचे तीन-चार भाग पाडावयाचे. या भागांना फड म्हणत. साधारणतः प्रत्येक शेतकऱ्याची थोडीथोडी जमीन प्रत्येक फडांत असे. एका फडांत सर्वांनीं एकच पीक घ्यावें, पाटकऱ्यानें ठरल्या क्रमानें पाणी द्यावें, आणि पाणी कमी असेल त्या वर्षीं एखादा फड सर्वांनींच कोरडा ठेवावा, अशी रीत होती. त्यामुळें टंचाईच्या सालीं कोणी पुरा तरत नसे, पण कोणी पुरा बुडतहि नसे. ही पद्धति आज पुष्कळ ठिकाणीं मोडकळीस आली आहे. तिच्यांतील विचार मात्र जुना झालेला नाहीं.

या व्यवहारांत दानधर्म नव्हता, हें लक्षांत घेण्याजोगें आहे. बंधाऱ्याजवळचा शेतकरी पाटाच्या शेवटच्या शेतकऱ्यावर उपकार करीत नव्हता. त्याची स्वतःचीहि एक पट्टी कोरड्या फडांत होती. उपकार करणारा आणि उपकार घेणारा असे दोन वर्गच तेथें पडत नव्हते.

कोणी म्हणेल, नुकसानीचा भार दुसऱ्यानें उचलला तर मनुष्य निष्काळजी होतो. हा आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. फडांतहि शेजाऱ्याची नजर आणि पाटकऱ्याचा नियम होताच. परंतु या आक्षेपाची दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. एका नापिकीनें ज्याच्या घरची चूल विझते तो हात राखूनच शेती करतो. थोडें पण खात्रीचें देणारें पीक घेतो, नव्या बियाण्याच्या वाटेस जात नाहीं, आणि पेंच पडला कीं बैल विकतो. म्हणजे पुढच्या वर्षाची कमाई आजच खाऊन बसतो. भय मनुष्याला काटकसरी करील, उद्यमी करणार नाहीं. जोखीम वांटली गेली तरच साहसाची ऐपत येते.

फडाची खरी उणीव निराळीच होती. ज्याला जमिनीची पट्टीच नाहीं त्या मजुराला त्यांत जागा नव्हती. ती उणीव भरून काढण्याचा प्रयत्न पुढें महाराष्ट्रानें केला. १९७२ च्या भीषण दुष्काळांत लक्षावधि माणसें सरकारी कामांवर जगलीं. वि. स. पागे यांनीं पुरस्कारिलेली रोजगार हमीची कल्पना १९७७ सालीं कायद्यांत उतरली, आणि काम मागणें हा खेड्यांतील माणसाचा हक्क ठरला. त्या खर्चासाठीं १९७५ च्या कायद्यानें पगारदारांवर व धंदेवाल्यांवर व्यवसायकर बसविण्यांत आला होता. अंमलबजावणींत दोष पुष्कळ निघाले. तत्त्व मात्र खोटें ठरलें नाहीं. नाशिकच्या कचेरींतील कारकुनाच्या पगारांतून कापली जाणारी ती अल्प रक्कम म्हणजे कोरड्या फडांतील त्याची पट्टीच होती.

याच्या उलट व्यवहारहि आपण पाहिला आहे. ऑगस्ट २०२३ मध्यें कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क बसलें. डिसेंबरांत निर्यातच बंद झाली आणि ती बंदी मे २०२४ मध्यें उठली. शहरांतील गृहिणीला कांदा महाग पडूं नये, हा हेतु वाईट नव्हता. पण त्याचा भार लासलगांवच्या बाजारांत कांद्याची गाडी घेऊन उभ्या असलेल्या शेतकऱ्यावर पडला. येथें पीकविमाहि कामास येत नाहीं. तो उत्पन्नाची घट पाहतो, भावाची नाहीं. भाव चढूं लागला कीं समाज मध्यें हात घालतो, आणि भाव पडला कीं, थोडीबहुत सरकारी खरेदी सोडल्यास, शेतकऱ्याला त्याच्या दैवावर सोपवितो. स्वस्ताई सर्वांची आणि तोटा एकट्याचा, या वांटणीला न्याय म्हणतां येईल काय? स्वस्त कांदा सर्वांनाच हवा असेल, तर त्याची किंमतहि सर्वांच्या तिजोरींतून दिली गेली पाहिजे.

गरीब शेतकऱ्याला आपण साहाय्य करतों असें म्हणण्यापूर्वीं प्रत्येकानें स्वतःला एवढेंच विचारावें: त्याच्या वाईट वर्षांत आपलेंहि कांहीं कोरडें राहतें काय? राहत नसेल, तर आपण त्याच्या धीराचे नुसते प्रेक्षक आहों.